भरल्या अंगाचा एक फ्रेंच शब्द

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्याला ‘आंबोंप्वँ’ हा शब्द कधी ना कधी भेटतोच. बहुधा तो एखाद्या प्रौढ, खात्यापित्या घरच्या बाईच्या वर्णनात येतो. लेखकाला ती जाड आहे असे म्हणायचे असते, पण तसे म्हणायचेही नसते. आम्हांला तो पहिल्यांदा भेटला तेव्हा ओघावरून आम्ही ‘भरदार अंगलट’ असा अर्थ लावला आणि पुढे गेलो. पुष्कळ वर्षांनी कोश उघडला तेव्हा कळले, की या शब्दात अंग नाही, भरणे नाही, मांस-चरबी नाही आणि आकारही नाही. ‘आँ’ म्हणजे ‘मध्ये’, ‘बों’ म्हणजे ‘चांगला’ आणि ‘प्वँ’ म्हणजे ‘बिंदू’. या ‘प्वँ’चा जुन्या फ्रेंचमधला आणखी एक अर्थ ‘स्थिती’ असा आहे. आँ बों प्वँ, म्हणजे चांगल्या स्थितीत. अमका ‘आँ बों प्वँ’ आहे म्हणजे तो धडधाकट आहे, त्याचे बरे चालले आहे. बस्स, एवढेच.

मग धडधाकटपणाचा लठ्ठपणा कसा झाला? आणि तो झाला तो फक्त फ्रेंचांच्याच जिभेवर झाला का? हे दोन प्रश्न आम्हांला बरेच दिवस पुरले आहेत.

आधी शब्दाच्या घडणीविषयी थोडे. तीन सुटे शब्द सोळाव्या शतकात एकमेकांना चिकटले आणि त्यांचे एक नाम झाले. फ्रेंच लिपीत असा नियम आहे, की ‘बी’, ‘पी’ आणि ‘एम’ या अक्षरांपूर्वी ‘एन’ येत नाही, त्याचा ‘एम’ होतो. त्याप्रमाणे पहिल्या ‘आँ’मधला ‘एन’ गेला आणि ‘एम’ आला. पण मधल्या ‘बों’चा ‘एन’ पुढे ‘पी’ असूनही तसाच राहिला. ‘चांगला’ हा शब्द डोळ्यांना दिसत राहावा असे लिहिणाऱ्यांना वाटत असावे. त्यामुळे एकाच शब्दात अर्धा नियम पाळला गेला आणि अर्धा मोडला. फ्रान्समधली शाळकरी पोरे आजही हा शब्द अपवादांच्या यादीत पाठ करतात. त्याच यादीत गोळी-चॉकलेटवाला ‘बोंबों’ आहे. लठ्ठपणा आणि मिठाई एकाच यादीत बसले आहेत ही गंमत आमची, यादी करणाऱ्यांची नव्हे.

या शब्दाचा एक उलट जोडीदार आहे, ‘मालाँ प्वँ’, म्हणजे वाईट स्थितीत. हा मात्र चिकटून एक शब्द झाला नाही, सुटाच राहिला, आणि म्हणूनच की काय, त्याचा मूळ अर्थही शाबूत राहिला. आजही आजारी, जखमी किंवा डबघाईला आलेल्या माणसाला फ्रेंच लोक ‘मालाँ प्वँ’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘हडकुळा’ असा कधी झाला नाही. एका आईची दोन मुले, एक घरी राहिले आणि दुसरे परगावी जाऊन ओळखू येईनासे झाले, तसा हा प्रकार आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. फ्रेंच अकादमी 1635 मध्ये स्थापन झाली. भाषेचे पावित्र्य राखणे हे तिचे काम. साठ वर्षे खपून तिने आपला पहिला कोश 1694 च्या ऑगस्टमध्ये चौदाव्या लुईला सादर केला. अकादमीच्या जुन्या कोशांत आपल्या शब्दाचा अर्थ ‘शरीराची चांगली स्थिती’ असा दिलेला आढळतो, आणि जोडीला खुलासा असा, की हा शब्द थोड्या गुटगुटीत माणसांबद्दलच वापरतात. म्हणजे त्या काळी दोन्ही अर्थ एकाच घरात नांदत होते. चांगली प्रकृती आणि थोडे मांस यांत कोणाला विसंगती वाटत नव्हती.

वाटणार तरी कशी? 1694 हे साल फ्रान्सच्या इतिहासात कोशासाठी कोणी लक्षात ठेवत नाही. 1693 चा उन्हाळा पावसात बुडाला, पीक बुडाले, धान्याचे भाव गगनाला भिडले आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी भुकेने व भुकेमागोमाग आलेल्या तापाने माणसे पटापट मेली. दोन कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या त्या देशात सुमारे 13 लाख जीव गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. व्हर्सायच्या महालात कोशाची चामडी बांधणीची प्रत राजाच्या हाती पडत होती तेव्हा खेड्यापाड्यांतली माणसे झाडपाला शिजवून खात होती. पुढे 1709 च्या भयंकर हिवाळ्यात द्राक्षाच्या वेली गोठल्या, पेरलेला गहू जमिनीतच मेला आणि पुन्हा तेच झाले. अशा मुलखात ज्याच्या गालावर मांस आहे तो ‘चांगल्या स्थितीत’ आहे हे सांगायला वैद्य कशाला हवा? पोटाला मिळत होते याची ती चालतीबोलती पावती होती. आलेल्या तापातून उठण्यापुरती शिल्लक अंगात आहे, बाई असेल तर तिला मूल होईल आणि त्या मुलाला दूध मिळेल, एवढे सगळे त्या मांसात वाचले जाई. शब्द फसला नव्हता. त्या जगात स्थिती आणि आकार खरोखरच एकत्र चालत होते.

आपल्याला हे समजायला फ्रान्सपर्यंतही जायला नको. सूरह यूसुफमधले मिसरच्या बादशहाचे स्वप्न आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. सात धष्टपुष्ट गायी आणि त्यांना खाऊन टाकणाऱ्या सात रोड गायी. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी त्याची ताबीर सांगितली ती सात सुगीच्या आणि सात दुष्काळाच्या वर्षांची. पुष्ट म्हणजे सुगी आणि रोड म्हणजे दुष्काळ, हे समीकरण तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तोच किस्सा तौरातमध्येही आहे आणि तिथून तो युरोपच्या बोलीत उतरला. फ्रेंचमध्ये तंगीच्या दिवसांना आजही ‘रोड गायींचा काळ’ म्हणतात. म्हणणाऱ्याला यूसुफ आठवत असतातच असे नाही, पण गायी त्यांच्याच आहेत.

मात्र सगळेच या समीकरणावर खूश होते असे समजू नये. हकीम लोक फार आधीपासून सावध होते. स्वभावतःच फार स्थूल असलेली माणसे सडपातळ माणसांपेक्षा अचानक दगावण्याचा संभव अधिक, असे बुकरातच्या म्हणजे हिपोक्रेटिसच्या नावावरचे एक सूत्र आहे. आपल्या इब्न सीनाने (980-1037) ‘अल-कानून’च्या चौथ्या भागात रोड माणसाच्या अंगी मांस कसे चढवावे याचीही चर्चा केली आहे आणि अति स्थूलतेचे तोटेही सांगितले आहेत. बाराव्या शतकात टोलेडो शहरात या ग्रंथाचा लॅटिन तर्जुमा झाला आणि माँपेल्येसारख्या फ्रेंच विद्यापीठांत तो शतकानुशतके शिकवला गेला. म्हणजे फ्रान्सचा वैद्य पोथीत एक वाचत होता आणि घरी आल्यावर शेजारणीच्या गुबगुबीत मुलाला पाहून ‘आँ बों प्वँ’ म्हणत होता. पोथी आणि जीभ यांचा असा झगडा सगळीकडेच असतो. त्यात जीभ जिंकते, कारण तिच्या बाजूला भूक असते.

हा झगडा एकाच माणसात बघायचा असेल तर ब्रिया-साव्हारँ याच्याकडे जावे. हा बेलेचा वकील. क्रांतीच्या धामधुमीत जीव वाचवून अमेरिकेत पळाला, तिथे फ्रेंचच्या शिकवण्या करून आणि नाटकगृहात व्हायोलिन वाजवून त्याने दिवस काढले. परत येऊन तो पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. रुचीच्या शास्त्रावरचा त्याचा ग्रंथ 1825 च्या डिसेंबरात बाहेर पडला आणि दोनच महिन्यांनी तो वारला. या खवय्याने ग्रंथात स्थूलतेवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. पीठ आणि पिठूळ पदार्थ हेच तिचे मूळ आहे असे तो ठासून सांगतो आणि स्वतःच्या पोटाशी आपण आयुष्यभर कसे लढलो याची मजेदार कबुली देतो. आजच्या कुठल्याही आहारतज्ज्ञाला त्यात फारसे खोडून काढावेसे वाटणार नाही. पण पुढचेच प्रकरण कृशतेवर आहे, आणि तिथे हा गृहस्थ एकदम पालटतो. पुरुष बारीक असला तर त्याला काही फारसे बिघडले असे वाटत नाही. बाई बारीक असली तर मात्र ती भयंकर आपत्ती! मग तिने सकाळी काय खावे, किती झोपावे, अंगावर मांस कसे आणावे याचे सविस्तर नुस्खे. पुरुषाचे शरीर ‘स्थिती’च्या रकान्यात आणि बाईचे शरीर ‘आकारा’च्या रकान्यात मांडायला सुरुवात झाली होती, आणि ‘आंबोंप्वँ’ हा शब्द हळूहळू दुसऱ्या रकान्यात सरकत होता.

पुरुषाचे पोट मात्र राजकारणात गेले. 1830 च्या क्रांतीने गादीवर बसलेला लुई-फिलिप राजा खाली रुंद आणि वर निमुळता. शार्ल फिलिपाँ या व्यंगचित्र-साप्ताहिकाच्या संपादकाने 1831 मध्ये भर न्यायालयात चार चित्रे काढून दाखवली, की राजाचा चेहरा टप्प्याटप्प्याने कसा नासपती होतो. पॅरिसच्या भिंती नासपतींनी भरून गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ओनोरे दोमिये याने राजाला ‘गार्गांत्युआ’ या अजस्र खादाडाच्या रूपात दाखवले. गरीब रयत टोपल्या भरभरून नाणी आणते आहे, ती फळीवरून चढून त्याच्या जबड्यात पडत आहेत. या चित्राबद्दल दोमियेला सहा महिन्यांची कैद झाली. ज्या मुलखात भरले अंग ही खुदाची नेमत समजली जात होती, तिथे आता ते दुसऱ्याच्या ताटातले ओरपल्याचा पुरावा झाले होते. भूक तीच होती, फक्त ती आता जाब विचारत होती.

इंग्रजीत हा शब्द केव्हाच पोचला होता. तिथे त्याचे काय झाले हे पाहण्यासाठी इंग्रजीची एक खोड ध्यानात घ्यावी लागते. 1066 मध्ये नॉर्मन फ्रेंचांनी इंग्लंड जिंकले तेव्हापासून त्या भाषेत शब्दांचे मजले पडले आहेत. तळमजल्यावर शेतकऱ्यांचे जुने सॅक्सन शब्द, वर दरबाराचे फ्रेंच शब्द आणि माळ्यावर पंडितांचे लॅटिन. आपल्याकडे घर, मकान आणि निवास यांचे जसे आहे, थोडेफार तसेच. जाड माणसासाठी सॅक्सन शब्द ‘फॅट’, लॅटिन शब्द ‘कॉर्प्युलंट’ आणि फ्रेंच शब्द हा आपला.

या मजल्यांना किती किंमत होती याचा दाखला राजघराण्यातच मिळतो. वेडसर झालेल्या तिसऱ्या जॉर्जचा कारभार बघणारा युवराज भलताच सुटलेला होता. 1812 मध्ये एका खुशमस्कऱ्या वर्तमानपत्राने त्याला मदनाचा पुतळा ठरवले. तेव्हा ‘एक्झामिनर’ पत्राचा संपादक ली हंट याने लिहिले, की हा मदन म्हणजे पन्नाशीचा एक ‘कॉर्प्युलंट’ गृहस्थ आहे. लेखात आणखीही बरेच आरोप होते, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा शब्द. खटला चालला आणि 1813 च्या फेब्रुवारीत हंट आणि त्याचा भाऊ यांना प्रत्येकी दोन वर्षे कैद आणि 500 पौंड दंड झाला. त्याच वर्षी एका नाचाच्या समारंभात युवराजाने ब्रमेल या नामांकित छानछोकीच्या सरदाराकडे बघून न बघितल्यासारखे केले, तेव्हा ब्रमेलने शेजारच्याला मोठ्याने विचारले म्हणतात, की हा तुमचा जाडा मित्र कोण? इथे तर तळमजल्याचाच ‘फॅट’ वापरला होता. ब्रमेलला तुरुंग झाला नाही, दरबार मात्र कायमचा बंद झाला. दोघांपैकी कोणी फ्रेंच शब्द वापरला असता तर? आम्हांला वाटते काहीच झाले नसते. युवराजाने कदाचित मान लववून शुक्रियाही म्हटले असते. परक्या भाषेचा शब्द असा रेशमी पडद्यासारखा असतो. आतले दिसते, पण बघितल्याचा आरोप करता येत नाही.

पडदा म्हटला की त्यामागे बाईच असायची. एकोणिसाव्या शतकाच्या इंग्रजीत हा शब्द अधिकाधिक बायकांसाठी वापरला जाऊ लागला, आणि मग सबंध शरीराचा न राहता छातीचा सभ्य पर्याय झाला. 1922 च्या ‘युलिसिस’ कादंबरीत जेम्स जॉइसने नेमकी हीच चोरी पकडली आहे. त्याचा नायक फुटपाथवरच्या दुकानात बायकोसाठी एक सवंग पुस्तक चाळतो, तेव्हा त्या पुस्तकातल्या उत्तान वाक्यात हा आपला खानदानी शब्द येऊन बसलेला दिसतो. ‘चांगल्या स्थितीत’ असलेल्या माणसाचा प्रवास इथवर आला. त्याच दशकात फॅशनने सडपातळ, सपाट अंगाची मुलगी डोक्यावर घेतली आणि ‘स्व्हेल्त’ हा दुसरा फ्रेंच शब्द चलनात वाढला. तो मूळचा इटालियन, आणि त्याचा धात्वर्थ आहे ‘उपटलेला’! याहून अधिक त्याच्याबद्दल बोलण्याची आमची इच्छा नाही.

दरम्यान शब्दांना मागे सारून आकडे पुढे आले होते. लंडनचा विल्यम बँटिंग हा प्रतिष्ठित कफन-दफनाचा ठेकेदार, वेलिंग्टनच्या ड्यूकच्या जनाज्याची व्यवस्था याच्याच पेढीची. उंची पाच फूट पाच इंच, वजन 202 पौंड. वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटा उतरावा लागे. कानाच्या तक्रारीसाठी तो हार्वे नावाच्या डॉक्टरकडे गेला. या डॉक्टरने पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार याची यकृतावरची व्याख्याने ऐकली होती. त्याने पाव, साखर, बटाटा आणि बिअर बंद केले. वर्षभरात बँटिंग 46 पौंडांनी हलका झाला आणि 1863 मध्ये त्याने आपला अनुभव छापून स्वखर्चाने वाटला. पुस्तिका इतकी गाजली की त्याचे आडनावच क्रियापद झाले. इंग्रजीत ते आता जुने झाले, पण स्वीडिश भाषेत पथ्य करून वजन उतरवण्याला अजूनही ‘बांता’च म्हणतात. बँटिंगच्या आधीच, 1835 मध्ये, बेल्जियमच्या केतले या ज्योतिषशास्त्रज्ञाने पूर्ण वाढलेल्या माणसाचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते असे दाखवले होते. त्याला कोणाचा लठ्ठपणा मोजायचा नव्हता, सरासरी माणूस शोधायचा होता. 1972 मध्ये अमेरिकेत अँसेल कीज याने त्या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले, आणि आज दवाखान्याच्या भिंतीवर जो तक्ता लावलेला असतो तो हाच. म्हणजे पुन्हा आकारच! फक्त पूर्वी तो डोळ्यांनी बघत, आता फूटपट्टीने.

या फूटपट्टीची गोष्ट आपल्या पुण्यापर्यंत येते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघेही बारीक, दोघांचाही इंडेक्स अगदी एकच, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ती 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा याज्ञिकांनी अभ्यास केला, त्यातही हेच दिसले. ही बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. हातपाय आणि स्नायू यांत आपली बाळे फारच कमी, चरबीत मात्र तितकी कमी नाहीत. ‘बारीक पण चरबीदार’ असे जोडनाव याज्ञिकांनी या ठेवणीला दिले. आपल्याकडे मधुमेह इतक्या लवकर आणि इतक्या सडपातळ माणसांना का होतो याचे एक उत्तर त्यात आहे. पुढे भारतीयांसाठी इंडेक्सची मर्यादाच 25 वरून 23 वर आणण्यात आली. डोळ्यांना जे अंग ठीकठाक दिसते ते आतून ‘मालाँ प्वँ’ असू शकते. 1694 मध्ये स्थिती आणि आकार यांची जी गाठ पक्की दिसत होती, ती अशी सुटली.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. हे फक्त फ्रेंचांनीच केले का?

मुळीच नाही. आपला ‘तंदुरुस्त’ घ्या. फारसी ‘तन’ आणि ‘दुरुस्त’. घड्याळ दुरुस्त, रस्ता दुरुस्त, तसे तन दुरुस्त. ‘आँ बों प्वँ’चा यापेक्षा चोख तर्जुमा मिळणार नाही. ‘तब्येत’ अरबी. तो-बे-ऐन हा तिचा धातू, त्याचा अर्थ ठसा उमटवणे. छापखान्याला उर्दूत ‘मतबा’ म्हणतात तो याच धातूचा. माणसावर उमटलेला कुदरतीचा ठसा ती तबीयत, म्हणजे स्वभाव, वृत्ती. उर्दूत आजही तबीयत गाण्यात रमते, कामात लागत नाही. मराठीत आल्यावर तिने आरोग्याचा अर्थ धरला आणि मग तीही थेट आकारावर गेली. पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या माणसाचे पोट पुढे आलेले दिसले की आपण म्हणतो, ‘काय, तब्येत सुधारली की!’ त्याच्या रक्तातली साखर आपल्याला ठाऊक नसते. ‘मिजाज’चे तर आणखी मजेचे. अरबीत त्याचा अर्थ मिश्रण. युनानी तिब्बमध्ये शरीरातल्या चार द्रवांचे मिश्रण म्हणजे मिजाज, आणि ते बरे आहे ना हे विचारायचे म्हणून अदबीने ‘मिजाज शरीफ?’ मराठीने त्याची ‘मिजास’ केली आणि ती दुसऱ्याच्या डोक्यात चढवली.

1920 नंतर भाषाशुद्धीचे वारे वाहू लागले तेव्हा फारसी-अरबी शब्द निवडून बाहेर काढण्याची मोहीम निघाली. 1925 मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ रचणारे माधव जूलियन यांच्यासारखे फारसीचे प्राध्यापकही पुढे ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिते झाले. तब्येतीच्या जागी संस्कृत ‘प्रकृती’ होतीच. पण प्रकृती म्हणजे तरी काय? मुळात निसर्ग, स्वभाव. मग आरोग्य. मग ‘प्रकृतीने जरा स्थूल’. संस्कृतचा शब्द अरबी शब्दाच्या पावलावर पाऊल टाकूनच चालला होता, आणि दोघे मिळून त्या फ्रेंच शब्दाच्या वाटेवर होते. एकाने दुसऱ्याकडून ही वाट उसनी घेतलेली नाही. प्रत्येकाच्या गावात दुष्काळ पडत होते, प्रत्येकाच्या घरात बाळाला ‘बाळसे’ धरताना पाहून आईचा जीव भांड्यात पडत होता. शब्दाची जात शोधणाऱ्यांनी एकदा भुकेची जात शोधून बघावी. असो.

मोहिमेनंतरही तब्येत टिकली, मिजास टिकली, दुरुस्ती तर सरकारी कचेरीतही टिकली. ज्या अर्थाने ती टिकली तो अर्थ मात्र अधूनमधून आम्हांला टोचतो. आमच्या घरांत रिश्त्याची बोलणी चालतात तेव्हा एखादी मावशी हळूच विचारते, ‘लडकी तबीयतसे कैसी है?’ विचारणारीला मुलीचा दमा, मुलीचे हिमोग्लोबिन, मुलीची झोप यांपैकी कशाचीच चौकशी करायची नसते. उत्तर देणारीही ते ओळखून असते. ‘माशाअल्लाह, भरी-भरी है’ किंवा ‘जरा दुबली है, शादी के बाद भर जाएगी’ असे काहीतरी सांगते. आणि मुलगी आतल्या खोलीत ते ऐकत असते. एक पिढी मागे ‘दुबली’ हा दोष होता, आता बऱ्याच घरांत ‘भरी-भरी’ हा दोष झाला आहे. दोष बदलला, पण मुलीला खरोखर बरे वाटते का हे दोन्ही वेळा कोणी विचारलेले नाही. इंग्रजी कादंबरीकाराने फ्रेंच पडदा लावला होता, आपण अरबी लावतो, एवढाच फर्क.

फ्रेंचांकडे पुन्हा एकदा जाऊन थांबतो. त्यांच्या आजच्या कोशात ‘आंबोंप्वँ’चा अर्थ नुसता ‘थोडा लठ्ठपणा’ असा आहे. ‘चांगली स्थिती’ हा अर्थ जुना झाला. मग एखाद्या फ्रेंच माणसाला आपली स्थिती चांगली आहे असे सांगायचे असेल तर तो काय म्हणतो? तो म्हणतो, ‘आँ फॉर्म’. फॉर्म म्हणजे आकार, घाट. एकीकडे स्थितीचा शब्द आकाराकडे गेला आणि त्याची रिकामी जागा आकाराच्या शब्दाने येऊन भरली. हा फॉर्म इंग्रजीतून क्रिकेटच्या मैदानावर आला आणि तिथून आपल्या चहाच्या टपरीवर. तिथे बाकावर बसलेला, पोट सुटलेला, साखर वाढलेला एखादा चाचा रंगात येऊन किस्से सांगत असतो, आणि शेजारचा पोऱ्या म्हणतो, ‘चाचा आज फॉर्मात आहेत.’